मुलकोवालची बाटली

पावसाळा लागला की आमच्याकडील घराघरांतून खोकल्याच्या व तापाच्या औषधांच्या जुन्या बाटल्या कपाटाबाहेर येतात. गतवर्षीची अर्धी बाटली उजेडात धरून ‘चालेल’ असा निकाल वडील मंडळी देतात. तो ऐकला की आम्हांस एका दुसऱ्याच बाटलीचे स्मरण होते. तिचा क्रमांक होता ५३-एन.

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळास गेली व लस देशभर रवाना होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांस ती टोचण्यात आली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. चार बाटल्यांची लस निर्धोक ठरली. पाचवीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष निघाला आणि ठपका परळवर आला. हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली होती, तेही त्यांच्या विरुद्ध गेले. त्यांचे पद गेले.

येथे आमच्या व्यवसायास थोडे ओशाळे व्हावे लागते, कारण पुरावा समोर होता. बूच काढण्याचा चिमटा मुलकोवालला जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरण्याचा नियम असता मदतनिसाने नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला. शिवाय बाटली उघडताच डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता, आणि दुर्गंधी मुळीच नव्हती. भरल्यापासून एक्केचाळीस दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते, तर ती आल्यावाचून राहती ना! नाकाची ही साक्ष असूनही ठपका परळवरच राहिला.

वेष्टनावरील मुदत बहुधा मोहोरबंद बाटलीची असते. उघडल्यावर दुसराच हिशेब सुरू होतो. मुलांसाठी भुकटीत पाणी कालवून केलेले औषध थोड्याच दिवसांत, वेष्टनावर सांगितले असेल तेव्हा, टाकावे लागते. डोळ्यांच्या औषधाच्या कुपीचे टोक पापणीस लागले की कुपी बाटली आपली राहत नाही, जंतूंचीही होते. आमच्या घरी हे कोणी पाहत नसे, आम्हीही नाही.

१९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृतींनी ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली व त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यास. परळची जागा त्यांस पुन्हा मिळाली नाही. त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.