गव्हाला काय ठाऊक?

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नवख्याला पत्ता सांगताना दोन्ही नावं एका दमात घ्यावी लागतात आणि ती एकाच माणसाची असावीत असं पुष्कळांना वाटतं. रस्ता ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, तर संस्था मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाची. १९४६ साली आघारकरांनी ती काढली तेव्हा तिचं नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी होतं. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं ‘एमएसीएस’ शेतकऱ्यांना आजही गव्हाच्या पिशवीवर दिसतात: एमएसीएस ६२२२, ६४७८, ४०२८. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावात हेक्टरी २५-३० क्विंटल देणारा गहू ६४७८ वाणामुळे ४५ ते ६० क्विंटलांवर गेला.

या संस्थेची वंशावळ शोधत मागे गेलं, की तिच्या मुळाशी एक होमिओपॅथ भेटतो.

कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार १८६३ साली एम.डी. झाले. होमिओपॅथीची यथेच्छ टवाळी करणाऱ्या डॉक्टरांत ते होते. होमिओपॅथीवरच्या एका पुस्तकाचं परीक्षण लिहायचं म्हणून त्यांनी तिचे गुण-दोष स्वतः पाहायचे ठरवले, होमिओपॅथ राजेंद्र दत्तांच्या रोग्यांवर नजर ठेवली आणि मतच फिरवलं. फेब्रुवारी १८६७ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेत उभं राहून हे जाहीर केलं. समव्यावसायिकांनी त्यांना वाळीत टाकलं आणि रोगी काही काळ फिरकेनासे झाले. पुढे रामकृष्ण परमहंसांच्या घशाच्या दुखण्यात तेच त्यांना औषध देत होते. याच सरकारांनी १८७६ साली लोकांच्या वर्गणीतून ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ उभी केली. सरकारी कचेरीतली नोकरी आटोपून चंद्रशेखर व्यंकट रामन जिथे संध्याकाळी प्रयोग करत, ती हीच जागा. रामन परिणामाचा शोध १९२८ साली इथेच लागला.

आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते. निवृत्त होऊन ते पुण्यात आले आणि त्यांनी आपल्या संस्थेचं इंग्रजी नाव ठेवलं ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. एका होमिओपॅथने घातलेला पायंडा असा गव्हाच्या पैदाशीपर्यंत येऊन पोचला. सरकारांनी रोग्यांकडे पाहून मत बनवलं होतं. होमिओपॅथीची खरी कसोटी गव्हावर लागायची होती, आणि ती लावायला निघाले युरोपातले लोक.

गव्हावर कशासाठी, हे समजायला औषध कसं बनतं ते पाहावं लागतं. एक भाग औषध आणि नव्व्याण्णव भाग पाणी किंवा अल्कोहोल घेऊन ते जोरात झटके देऊन हलवायचं, की झाली पहिली पोटेन्सी. तिचा एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत घालायचा. असं तीस वेळा केलं की ३० पोटेन्सी, म्हणजे एकावर साठ शून्यं इतक्या भागांत एक भाग. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा तरी रेणू बाटलीत असण्याची शक्यता संपत येते. तरी गोड गोळ्यांनी बरं वाटतं, असं हजारो माणसं सांगतात. टीकाकारांचं उत्तर ठरलेलं असतं: औषध घेतल्याचा विश्वासच बरं वाटायला लावतो. यावर होमिओपॅथीच्या काही अभ्यासकांनी बिनतोड वाटणारी तोड काढली. माणूस विश्वास ठेवतो, गव्हाचा दाणा ठेवत नाही. त्याला बाटलीत काय आहे ते ठाऊक नसतं आणि डॉक्टरांबद्दल आदरही नसतो. दाणा विरळ औषधात भिजवून जास्त जोमाने उगवला, तर वाद मिटला.

जर्मनीत तत्त्वचिंतक रुडॉल्फ श्टायनर यांच्या अनुयायी लिली कोलिस्को यांनी १९२३ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले. क्षारांची एकामागून एक पातळ होत जाणारी द्रावणं करून त्यांत गव्हाची रोपं वाढवायची, पानं-मुळं मोजायची आणि आलेख काढायचा. आलेख लाटेसारखा वरखाली जात होता. पातळपणा वाढला तरी लाट थांबत नाही, हा त्यांना पुरावा वाटला. अडचण एवढीच, की निव्वळ पाण्यावर वाढवलेल्या रोपांच्या उंच्या ओळीने मांडल्या तरी आलेख वरखालीच जातो.

यातली मेख मराठी शेतीशास्त्रज्ञांना चांगली परिचयाची आहे. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत उगवणक्षमता काढायला शंभर-शंभरच्या चार वाट्यांत चारशे दाणे लावतात. प्रमाणित गव्हाला किमान ८५ टक्के उगवण लागते. आता ८५ टक्के उगवणीच्या एकाच पोत्यातून शंभर दाण्यांची एक वाटी भरली, तर निव्वळ योगायोगाने ७८ पासून ९२ पर्यंत कितीही कोंब येऊ शकतात. शेजारच्या वाटीत ८१ आणि इथे ८९ आले, तर त्यात नवल काही नाही. पण ८९च्या वाटीत कुणी ‘औषध’ घातलं असेल, तर त्याला नवल वाटल्याशिवाय राहत नाही. घरच्या ओट्यावर झालेले कितीतरी चमत्कार या आठ दाण्यांत मावतात.

खरा फरक आणि योगायोग वेगळे कसे करायचे, हे शास्त्रही शेतातच जन्मलं. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी त्याचा पाया घातला. भारतात ते शेतीच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिलं दोन मराठी माणसांनी. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या संशोधन केंद्रात कापसावर काम करून पुढे आले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्याच्या बुधचे. फर्ग्युसनमधून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. दोघांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तक १९५४ साली निघालं. देशातल्या कृषी विद्यापीठांत ते इतकं मुरलं, की प्रबंधाच्या अखेरीस ‘पानसे आणि सुखात्मे’ नसतील तर मार्गदर्शकाला चुकल्यासारखं वाटावं. रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम करून सुखात्मे पुण्याला परतले, तेही याच विज्ञानवर्धिनीत.

या गणिती शिस्तीने गहू आणि होमिओपॅथी यांची गाठ घातली ती इटलीत. बोलोन्या विद्यापीठातल्या लुचिएत्ता बेत्ती आणि मॉरिझियो ब्रिझी यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाण्यांना आधी सोमलाची थोडी मात्रा देऊन दुबळं केलं आणि मग सोमलाचंच अतिविरळ द्रावण दिलं. प्रत्येक बशीत ३३ दाणे, न उगवलेले किती याची मोजणी, आणि अशा पुष्कळ बशा. ४५एक्स, म्हणजे दहापट पातळ करण्याची क्रिया ४५ वेळा केलेलं द्रावण गव्हाला चालना देतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. संख्याशास्त्र नीट वापरलं होतं. कोलिस्कोंपेक्षा हे काम शंभर पावलं पुढचं होतं, हे मान्य करायला हवं.

मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला आणि २००५ साली निकाल छापला. कोंबांची वाढ जास्त होण्याऐवजी किंचित घटली होती! औषध तेच आणि पीक तेच, पण परिणाम उलट. या गटातले स्टेफान बाउमगार्टनर होमिओपॅथीचे विरोधक नव्हेत. उलट त्यांची बरीचशी कारकीर्द याच शोधात गेली. त्यांनी एक फार चांगली सवय लावली: पूर्ण प्रयोग अधूनमधून सगळ्या बाटल्यांत नुसतं पाणी भरून करायचा. पाणी विरुद्ध पाणी या सामन्यात ‘फरक’ दिसू लागला, तर दोष बशांचा, उजेडाचा किंवा तापमानाचा. ही सवय आपल्याकडच्या प्रत्येक ‘नैसर्गिक’ टॉनिकच्या चाचणीला सक्तीची करावी.

महाराष्ट्रातून या वादात गाजलेली भर पडली ती २०१० साली. आयआयटी मुंबईच्या जयेश बेल्लारे, प्रशांत चिक्रमाने आणि सहकाऱ्यांनी बाजारातली सोनं, चांदी, तांबं अशा धातूंची औषधं तपासली. २०० पोटेन्सीपर्यंतच्या बाटल्यांतही त्यांना धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले. समर्थकांनी हा निकाल डोक्यावर घेतला. पण कण सापडणं वेगळं आणि त्या कणांनी ताप उतरणं किंवा गहू उगवणं वेगळं. शिवाय ३० आणि २०० पोटेन्सीत कणांचं प्रमाण जवळपास सारखंच राहत असेल, तर जास्त पातळ ते जास्त प्रभावी या होमिओपॅथीच्या मूळ दाव्यालाच ते अडचणीचं आहे. ही अडचण त्या जल्लोषात फारशी कुणी बोलून दाखवली नाही.

अशा दाव्याची झाकलेली चाचणी घ्यायचं कसब मात्र पुण्यात आहे. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा झाल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, आणि कुंडली कोणत्या गटातली ते सांगायचं होतं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, आणि नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. कोणाची कुंडली कोणती, याची यादी ज्योतिषांपासून शेवटपर्यंत दूर ठेवली होती. चाचणीचं वजन त्या यादीत आहे.

होमिओपॅथीच्या गव्हाचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला, तर एका प्रयोगशाळेतला चांगला निकाल दुसरीत टिकून राहिला असं ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. दाण्याला काही ठाऊक नसतं हे खरं, पण बशी लावणाऱ्याला, पट्टी धरणाऱ्याला आणि कोंबाला ‘उगवला’ म्हणायचं की नाही हे ठरवणाऱ्याला सगळं ठाऊक असू शकतं.

कुणा विद्यार्थ्याला किंवा शेतकऱ्याला हा प्रयोग करून पाहायचा असेल, तर त्याला खर्च जवळजवळ नाही. एकाच पोत्यातले आठशे दाणे घ्या. औषधाची आणि साध्या पाण्याची बाटली तिसऱ्या माणसाकडून भरून घ्या आणि त्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहायला सांगा. कोणती कशाची हे त्याने लिफाफ्यात बंद करून स्वतःकडे ठेवावं. दोन्हींचे चारशे-चारशे दाणे लावा, आठव्या दिवशी मोजा, आकडे शाईने लिहा आणि त्यानंतरच लिफाफा फोडा. फरक दिसला तर कुणाला सांगण्याआधी हाच प्रयोग दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.