कल्याणचें बंदर आणि रुळांवरची रोजी

अमेरिकेच्या सरकारी मजूर-खात्याकडून तेथील प्रत्येक राज्यांतील रोजगाराचीं कोष्टकें दरमहा प्रसिद्ध होतात. त्यांत व्यापार, वाहतूक आणि वीज-पाण्यासारख्या लोकोपयोगी सोयी या तिन्ही धंद्यांस एकाच खान्यांत बसविलेलें असतें. ही जुळवणी आम्हांस प्रथम विचित्र वाटली. परंतु ठाणें-कल्याणचा इतिहास डोळ्यांपुढें आणिला, तेव्हां हीं एकाच घरचीं भावंडें आहेत हें पटलें. मात्र बेरीज वाढली म्हणजे प्रत्येक भावंडाच्या पानांत वाढलें गेलें, असें नव्हे.

कल्याणची रोजी मूळची पाण्यावरची. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें नोंदलेलीं आहेत. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत मात्र असें लिहिलें आहे कीं, येथील व्यापारास राजसत्तेनें अडथळा केला असून, चुकून येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जातात. म्हणजे राजकारणापायीं हमालाच्या पोटास चिमटा बसणें, ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे! पुढें १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें आणि या खाडीस पुन्हां जहाजांचे दिवस दाखविले.

रेल्वेपूर्वीं घाटावरचें धान्य वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून खालीं आणीत व परततांना कोंकणचें मीठ नेत. बंदरापासून पुढें माल होड्यांतून जाई. बैल, गोणी, होडी, वखार अशी ही सांखळी होती. तिच्या प्रत्येक कडीवर कोणाचा तरी संसार लटकलेला असे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी आली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, तोफांची सलामी, हें वर्णन शाळेंत आम्हां सर्वांस पाठ होतें. पण खाडींतील तांडेलानें ती शिट्टी ऐकून काय म्हटलें असेल, हें आम्हांस कोणा गुरुजींनीं विचारिलें नाहीं. १ मे १८५४ रोजीं रूळ कल्याणास पोंचले. १८६३ त बोरघाट आणि १८६५ त थळघाट गाडीनें ओलांडला. मग तांड्यांस काम उरलें नाहीं, आणि बंदरही हळूहळू ओस पडलें.

नवी रोजी आली ती वेगळ्याच माणसांकडे. कल्याण दोन घाटांचें जंक्शन झालें. सांधेवाले, फायरमन, कारकून, तारमास्तर यांची तेथें वस्ती वाढली. तांडेलास तारेची खटखट येत नव्हती आणि वंजाऱ्यास इंग्रजी पावती वाचतां येत नव्हती. गणितांत एकाची वजाबाकी व दुसऱ्याची बेरीज बरोबर जुळते. चुलींत जुळत नाहीं. शिवाय नव्या नोकरींतही सुख बेतास बात. १८९९ सालीं जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलरांनीं पगार व कामाचे तास यांसाठीं संप केला. टिळकांच्या ‘केसरी’नें त्यांची बाजू घेतली, तरी तो फसला.

तिसरें भावंड उशिरा जन्मलें. १९२५ त मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली, १९२९ त ती पुण्यास गेली. गाड्यांस वीज पुरविण्याकरितां ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेनें स्वतःचें वीजघर उभारिलें, आणि त्याच्या आश्रयानें कामगारांची एक वसाहत नांदूं लागली. पुढें तें वीजघर बंद पडलें. विजेच्या गाड्या मात्र चालूच राहिल्या. गेलें तें इंजिनें नव्हे, तर येथलें काम.

त्याच गाड्यांनीं डोंबिवलीस शहर केलें. तेथील गृहस्थ सकाळीं डबा घेऊन मुंबईस जातो. त्याची नोकरी एका गांवीं आणि बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं. नुसतें राज्याचें कोष्टक पाहणाऱ्यास हा रोजचा प्रवास कोठें दिसावा? इकडे भिवंडीच्या बाजूस प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत. खाडीलगतच्या त्या मुलखांत माल पुन्हां उतरतो, पण ट्रकांतून; आणि पाठीवर गोण्या वाहणारा मनुष्य आतां बहुधा फार दूरच्या प्रांतांतून आलेला असतो.