‘स्वामी’मधली मैना आणि दप्तरातली कुणबीण



रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली निघाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ती वाचली आहे. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्यासाठी डोळे पुसले नाहीत अशी वाचक विरळाच. या स्मरणिकेत त्या थोर जोडप्याविषयी लिहिण्याचा माझा विचार नाही. त्यांच्यामागे जी माणसे पाण्याचा तांब्या, पायातले जोडे आणि पेटती समई घेऊन उभी असतात, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. दुपारची कामे आटोपल्यावर वाचनालयातली पुस्तके वाचते, तेवढीच माझी शिदोरी.

‘स्वामी’त रमाबाईंची दासी मैना आहे, माधवरावांचा श्रीपती आहे. दोघेही जिवाभावाचे. ऐतिहासिक कादंबऱ्यांतली दासी बहुधा अशीच असते. धनिणीच्या सुखात ती हसते, दुःखात रडते. तिचे गाव कोणते, तिचे आईबाप कोण, ती वाड्यात आली कशी, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही.

धन्यावर जीव टाकणारे नोकर नव्हतेच, असे मला म्हणावयाचे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, तेव्हा चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी मध्ये पडला आणि स्वतः कापला गेला. त्याचे नाव इतिहासाने राखले. त्याच गर्दीत वाड्यातल्या दोन दासीही मारल्या गेल्या. पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ती हकीकत आपण शाळेत पाठ केली. त्या दोन बायांची नावे मात्र माझ्या वाचनात कोठे आली नाहीत.

आता अशा बाया वाड्यात येत कशा, ते पाहू. आपल्याकडे कुणबीण म्हटले की कुणब्याची बायको किंवा शेतात राबणारी बाई डोळ्यांपुढे येते. पेशव्यांच्या दप्तरात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली बाई. बटीक हा दुसरा शब्दही आहे. दुष्काळात पोटासाठी आईबापांनी मुली विकल्या, स्वारीत लष्कराने बाया धरून आणल्या, आणि काही न्यायाच्या मार्गाने आल्या. कुणबीण विकत घेताना तिची जात विचारून घेत, कारण तिच्या हातचे पाणी घरात चालले पाहिजे. सरकार अशा विक्रीवर जकातही घेई. म्हणजे बैल, मीठ आणि बाई यांचा हिशेब एकाच वहीत.

या बायांनी दळावे, कांडावे, धान्य निवडावे, गोठा झाडावा, पाणी वाहावे. सरकारी कुणबिणी पागेत, कोठीत, इमारतीच्या कामावर आणि किल्ल्यांवरही असत. बदल्यात रोजचा शिधा आणि वर्षाची लुगडी. पगार नाही. कुणबिणीची मुलगीही बहुधा त्याच घरात राबे. म्हातारी झाली, हातपाय थकले, की कोणी अर्ज करून सुटे. कोणी आपल्या बदली दुसरी बाई देऊन किंवा पैसे भरून सुटे.

मला अधिक खटकले ते न्यायाचे. त्या काळी स्त्रीला सहसा देहान्त शिक्षा देत नसत, असे अभिमानाने सांगतात. ते खरे आहे. पण मग काय करीत? बदकर्माचा आरोप एखाद्या बाईवर शाबीत झाला की तिला कुणबीण करून किल्ल्यावर किंवा कारखान्यात पाठवीत, नाहीतर विकून टाकीत. त्याच प्रकरणातल्या पुरुषाकडून बहुधा दंड घेत. त्या दंडाला कागदोपत्री ‘गुन्हेगारी’ म्हणत. पैसे भरले की पुरुष घरी गेला; बाईने मात्र आपला जन्मच भरावयाचा. एकच गुन्हा, तराजूही एकच, पण पारडी दोन.

त्या राज्यात न्यायी माणसे नव्हती असे नव्हे. रामशास्त्री स्वतः लहानपणी साताऱ्यात एका सावकाराच्या घरी नोकर होते, असे सांगतात. माधवरावांनी तर वेठीला हात घातला. सरकारी अंमलदार गावकऱ्यांना फुकट ओझी वाहावयास लावीत, ते त्यांनी बंद करण्याचा प्रयत्न केला. वसईच्या सुभेदाराने माल असा वेठीने नेला, तेव्हा त्याचा माल जप्त करून त्याला दंड केला आणि ओझे वाहणाऱ्यांना मोबदला दिला. एवढ्या करड्या धन्याच्या राज्यातही कुणबिणी राहिल्याच. ओझे वाहणाऱ्या गड्याची दाद लागली, जन्मभर जाते ओढणाऱ्या बाईची लागली नाही.

पुढची गोष्ट घाशीराम कोतवालाची. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले, म्हणून हे नाव सर्वांना माहीत आहे. नाना फडणविसांच्या काळात घाशीराम पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टात त्याच्या शिपायांनी काही तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका अरुंद कोठडीत कोंडले. त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. सारे पुणे खवळले, सरकारवाड्यापुढे गर्दी जमली, आणि अखेर घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

त्या ब्राह्मणांचा मृत्यू भयंकर होता, यात शंका नाही. माझ्या मनात एवढेच येते की बायांना दासी करण्याचे निवाडे तर वर्षानुवर्षे चालू होते. त्यांच्यासाठी वाड्यापुढे कधी अशी गर्दी जमल्याचे मी वाचले नाही. ज्याच्यामागे चार माणसे उभी राहतात त्याचेच दुःख दरबाराला ऐकू जाते. कुणबिणीमागे कोणी नव्हते. तिचे गाव तुटलेले, माहेर तुटलेले, आणि तिच्यावर लागलेला डाग तिच्या नावाहून मोठा.

१८१८ साली पेशवाई गेली. त्याच वर्षी आपल्या मोसम नदीच्या वरच्या अंगाचा मुल्हेर किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. पण राज्य बदलले म्हणून कुणबीण लगेच सुटली नाही. १८४३ च्या कायद्याने गुलामावरचा धन्याचा हक्क न्यायालयांनी मानावयाचा नाही असे ठरले. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री हा गुन्हा झाला. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना बंदी केली. १९७६ साली वेठबिगार मोडण्याचा वेगळा कायदा झाला, आणि २००८ साली महाराष्ट्राने घरकाम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी मंडळ नेमण्याचा कायदा केला. मैनेपासून तेथवर पोचावयास अडीचशे वर्षे लागली.

कोणी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरावयाची? त्याचे कारण सांगते. माझी आई लग्नाआधी एका मोठ्या घरी भांडी घासावयास जात असे. तिला तेथे कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. पण पाच वर्षांत त्या घरात तिचे नाव कोणी घेतले नाही. ‘भांडेवाली’ एवढीच तिची ओळख. तिचा कप न्हाणीच्या कोनाड्यात वेगळा असे. आई हे रागाने सांगत नसे, आणि तेच मला जास्त लागे. कायदा कागदावर बदलतो. कोनाड्यातला कप कायद्याने हलत नाही, तो घरातल्या बाईनेच हलवावा लागतो.

आपल्या नामपुरात आजही आखाजीला सालदाराचे साल ठरते. साल ठरते गड्याचे, आणि त्याची बायको गोठ्यात, अंगणात राबते ती त्या सालातच धरली जाते. तिची मजुरी वेगळी मांडणारी घरे किती आहेत, हे जिने तिने आपल्या घरी पाहावे. कांद्याच्या काढणीला येणाऱ्या बाया, धुणेभांडी करणाऱ्या बाया यांना आपण हळदीकुंकवाला बोलावतो हे चांगलेच आहे. पण त्यांतल्या कितीजणी आपल्या मंडळाच्या सभासद आहेत?

माझी मंडळाला विनंती आहे. यंदाच्या वर्षी प्रत्येक सभासद बाईने आपल्या घरी किंवा शेतात काम करणाऱ्या एका भगिनीचे नाव, तिची इच्छा असेल तर, सभासदांच्या यादीत घालावे. नाव पुरे लिहावे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे जसे ती सांगेल तसे. पुढच्या वर्षीची स्मरणिका निघेल तेव्हा त्या यादीत ती नावे आपल्या नावांच्या शेजारी छापलेली असावीत. इतिहासाने त्या दोन दासींची नावे लिहून ठेवली नाहीत. निदान आपल्या वहीत तरी कोणाचे नाव राहून जाऊ नये.