डेम्लो स्थानकावर सुचलेल्या संख्या

मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावर डेम्लो नावाचे स्थानक होते. आजचे डोंबिवली ते हेच. १९२३-२४ च्या सुमारास येथे गाडी बदलत असताना एका तरुणाला एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. त्या संख्यांना त्याने स्थानकाचेच नाव दिले: डेम्लो संख्या. हा तरुण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. एम. एस्सी. किंवा पीएच. डी. त्यांनी केली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत गणित शिकवले.

डेम्लो संख्या म्हणजे काय ते आधी पाहू. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन तुकडे करायचे. डावा आणि उजवा तुकडा सारख्याच लांबीचे हवेत. त्यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे, आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक हवा. १६५ घ्या: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. तसेच १६६५, १६६६५. किंवा १२३४३२१ घ्या: १२३ अधिक ३२१ बरोबर ४४४, मध्ये ४. हिला कापरेकर 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हणत. १, १२१, १२३२१ अशी ती मालिका आहे आणि तिच्यातील संख्या १, ११, १११ यांचे वर्ग आहेत.

येथवर ही गंमत झाली. वर्गात ती दाखवली की मुले खूश होतात आणि पुढचा तास नेहमीप्रमाणे बहुपदींचा सुरू होतो. माझ्या मते नेमकी येथेच संधी हुकते, कारण ही गंमत म्हणजेच बहुपदी आहे.

१६५ म्हणजे १५ गुणिले ११, १६६५ म्हणजे १५ गुणिले १११. आता दहाच्या जागी क्ष लिहा. १५ झाले क्ष + ५ आणि १११ झाले क्ष² + क्ष + १. गुणाकार करू:

(क्ष + ५)(क्ष² + क्ष + १) = क्ष³ + ६क्ष² + ६क्ष + ५

मधला ६ कोठून आला ते आता स्पष्ट दिसते. पहिल्या कंसातील क्ष मुळे सगळी पदे एक घर डावीकडे सरकली, ५ मुळे ती जागीच राहिली, आणि जेथे दोन्ही रांगा एकमेकींवर आल्या तेथे १ आणि ५ ची बेरीज झाली. टोकांना बेरजेला जोडीदार नाही, म्हणून तेथे नुसता १ आणि नुसता ५. सहाचा हा पट्टा हवा तेवढा लांबवता येतो. त्यासाठी एकांची रांग लांबवायची. अद्भुत डेम्लो संख्यांचेही तसेच: (क्ष² + क्ष + १)² चा विस्तार क्ष⁴ + २क्ष³ + ३क्ष² + २क्ष + १ होतो, आणि त्याच्या सहगुणकांतच १२३२१ दिसते.

मग १५ ऐवजी ३८ घेतले तर? ३८ गुणिले १११ बरोबर ४२१८. रूप हरवले! बहुपदीकडे पाहिले तर ते हरवलेले नाही. सहगुणक ३, ११, ११, ८ असेच आहेत; पण संख्या लिहिताना एका घरात ११ मावत नाहीत, हातचा डावीकडे जातो आणि मांडणी पुसली जाते. बहुपदीत हातचा नसतो. दहा क्ष मिळून एक क्ष² होत नाही, कारण क्ष म्हणजे दहा असे कोणी सांगितलेलेच नाही. अंकगणित आणि बीजगणित यांच्यातील फरक एका शब्दात सांगायचा झाला तर मी 'हातचा' हा शब्द निवडेन. विद्यार्थ्यांना दहा एकांच्या संख्येचा वर्ग करायला सांगावा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. येथे प्रथमच एक सहगुणक १० होतो आणि आठ गायब होतो. मात्र मधला एक शून्य सोडून दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे मिळवा: १२३४५६७९० अधिक ९८७६५४३२१ बरोबर ११११११११११. हे का झाले ते शोधायला मुलांना एक दिवस द्यावा.

दशमान संख्या आणि अक्षरराशी यांचे हे नाते न्यूटनने १६७१ साली लिहिलेल्या एका ग्रंथात ठळकपणे मांडले. दशांश अपूर्णांकांची रीत अक्षरांना लावून पाहण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही याचे त्याला आश्चर्य वाटले होते. त्याच वाटेने जाऊन त्याने अनंत श्रेढी मिळवल्या. तो ग्रंथ छापला गेला १७३६ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

आता शाब्दिक उदाहरणांकडे वळू. 'एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. तर मूळ संख्या कोणती?' दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य मानला की बरीच मुले संख्या 'क्षय' अशी लिहून मोकळी होतात. (या नावाला साजेसाच उदाहरणाचा शेवट होतो.) अशा मुलाला बावळट ठरवण्याआधी त्याच्या बाजूने विचार करावा. ३५ मध्ये तीन आणि पाच शेजारी आहेत, तेथे शेजार म्हणजे बेरीज: तीन दशक अधिक पाच. सव्वातीन ३¼ असे लिहितो, तेथेही शेजार म्हणजे बेरीज. मग बीजगणिताच्या पहिल्याच धड्यात आपण ३क्ष लिहितो आणि शेजार म्हणजे गुणाकार असे सांगून पुढे जातो. इतकी मोठी उलथापालथ एका वाक्यात उरकली जाते.

आपल्याकडील जुन्या बीजगणितात ही अडचण नव्हती. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, त्याचे लघुरूप 'या'. वर्ग 'व' ने दाखवतात आणि स्थिर पद 'रू' ने, म्हणजे रूप. वरच्या (क्ष + ५)(क्ष + १) चा गुणाकार त्या पद्धतीत असा लिहिला जाईल: याव १ या ६ रू ५. पदे नुसती शेजारी ठेवली की बेरीज झाली. दुसरी अज्ञात राशी आली तर तिला रंगाचे नाव: कालक, नीलक, पीतक. दोन वेगळ्या राशींच्या गुणाकाराला मात्र वेगळे नाव होते, 'भावित', आणि त्यासाठी 'भा' अक्षर लिहावे लागे. म्हणजे त्या काळच्या पाठशाळेत 'क्षय' ची चूक होणे अवघडच होते. हे ग्रंथ शिकवण्यासाठी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याची १२०७ ची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

आजच्या मुलाला वाट करून द्यायची तर ३५ ला आधी ३ × १० + ५ असे लिहून घ्यावे, मग १०क्ष + य. उलट संख्या १०य + क्ष. वजाबाकी ९(य − क्ष) बरोबर २७, म्हणून य − क्ष बरोबर ३, आणि संख्या ३६.

हीच वजाबाकी चार अंकांवर केली की कापरेकरांची प्रसिद्ध ६१७४ ही संख्या भेटते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. सात पायऱ्यांच्या आत हे होतेच. सुमारे नऊ हजार संख्या तपासणार कोण? अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड माना. पहिली वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते. चार अक्षरांऐवजी दोन फरकच उरले, आणि त्यांच्या शक्य जोड्या फक्त ५४.

कापरेकरांच्या या कामाकडे आपल्याकडील गणितज्ञांनी दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. डेम्लो संख्यांचा सिद्धांत १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला होता, तरी जगभर नाव झाले ते १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये लिहिल्यावर. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

५४ जोड्या एका तासात होत नाहीत. तीन अंकी संख्या घ्यावी. तेथे वजाबाकी ९९(अ − क) येते, मधला ब नाहीसाच होतो. नऊच उत्तरे तपासायची, आणि प्रत्येक वाट ४९५ ला पोचते. नऊ गट केले तर तास संपण्याआधी सिद्धता फळ्यावर पूर्ण होते.