पदवी विलायतेची, चाकरी इथली

दिवा-रोहा मार्गावर नागोठणं मागे पडलं की निडी, मग रोहा. इथल्या एखाद्या घरात आज मुलाच्या परदेशी शिक्षणाचा विषय निघाला, की फीच्या पाठोपाठ प्रश्न येतो: शिकून झाल्यावर तिथं काम करता येईल ना? शंभर वर्षांपूर्वी याच रोह्याहून एक मुलगा केंब्रिजला गेला, तेव्हा हिशेब उलटा होता. शिकायचं तिथं, चाकरी करायची इथं.

चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील रोह्याला वकिली करत. मुलाची शाळा रोह्याला आणि तळ्याला झाली. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला नंबर, जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. आणि १९१५ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, तो जीझस कॉलेजात दाखल झाला. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यानं मिळवलं. एवढ्या तयारीचा विद्यार्थी आज संशोधनासाठी तिथंच राहिला असता. तेव्हा मात्र हुशार मुलाची विलायत म्हणजे बॅरिस्टरी, नाहीतर आयसीएस. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनला व्हायची. हिंदुस्थानात ती १९२२ पासून सुरू झाली. साहेबाच्या राज्यात कलेक्टर व्हायचं नागपूर-अमरावतीकडे, पण त्यासाठी आधी समुद्र ओलांडायचा! १९१८ साली देशमुख त्या परीक्षेत पहिले आले. टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. नोकरी सोडून चळवळीत येऊ का, असं देशमुखांनी त्यांना विचारलं आणि टिळकांनी नको म्हटलं, असं सांगतात. देशमुख मध्य प्रांतात रुजू झाले. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

परतण्याची सक्ती काहींच्या बाबतीत कागदावर असे. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले, ते संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार करून. शिष्यवृत्तीची मुदत संपली, पुढे लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकावा लागला आणि १९१७ मध्ये ते बडोद्यात हजर झाले. न्यूयॉर्कची पदवी हातात, पण राहायला खोली मिळेना. पारशांच्या पथिकाश्रमात ते पारशी नावाने उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. करार पाळायला माणूस आला होता, पण गाव त्याला ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

राहायचं म्हटलं असतं, तरी अमेरिकेने राहू दिलं असतं असं नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाई मजुरांना दार बंद केलं. विद्यार्थ्यांना सूट होती, पण ती शिकण्यापुरती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वच नाकारलं.

त्या पिढीत परदेशात पोट भरलेला एक मराठी पदवीधर म्हणजे वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे, आणि तेही नाइलाजाने. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकता शिकता ते गदर या क्रांतिकारी चळवळीच्या कामात पडले. मग इराण, बर्लिन, मॉस्को. मायदेशी पाऊल ठेवलं असतं तर तुरुंग ठरलेला. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर प्रयोग केले. दिएगो रिव्हेराने त्यांना एका भित्तिचित्रात रंगवलं, भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या रूपात. ते कायमचे परतले १९५५ मध्ये, आणि वारले १९६७ साली, नागपुरात.

वारं फिरलं ते १९६५ मध्ये. देशवार कोट्यांची जुनी पद्धत अमेरिकेने मोडली आणि तिथंच शिकलेले इंजिनिअर, डॉक्टर तिथंच नोकरीला लागू लागले. पदवीनंतर बारा महिने काम करू देणारी ओपीटीची सवलत १९९२ ची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना २००८ मध्ये त्यावर सतरा महिने मिळाले, २०१६ मध्ये त्यांचे चोवीस झाले. ब्रिटनने अशी सवलत २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये पुन्हा दिली. अमेरिकेतली अट मात्र कडक आहे: ओपीटीच्या पहिल्या वर्षात सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ नोकरीविना गेला, की तिथं राहण्याचा हक्क धोक्यात येतो.