एका गाडीत तीन खाती

1971चा फेब्रुवारी. हार्लेममध्ये 116व्या रस्त्यावर एका मळक्या प्लायमाउथच्या मागच्या सीटवर तुम्ही बसला आहात. इंजिन बंद, त्यामुळे हीटरही बंद. कडाक्याच्या थंडीत उभ्या गाडीतून धूर निघाला, की आत माणसं आहेत हे अख्ख्या गल्लीला कळतं. तुम्ही न्यूयॉर्क शहर पोलिसांचे डिटेक्टिव्ह. स्टिअरिंगवर राज्य पोलिसांतला माणूस, हार्लेम अजून पाठ न झालेला. त्याच्या शेजारी बीएनडीडीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा एजंट.

तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. 3 फेब्रुवारीला ब्रुकलिनमध्ये फ्रँक सर्पिकोच्या तोंडावर गोळी झाडली गेली. खात्यातली लाचखोरी चव्हाट्यावर आणणारा तो तुमचाच सहकारी. सोबतच्या पोलिसांनी मदत मागवलीच नाही, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याने फोन केला म्हणून जीव वाचला, असं सर्पिको सांगतो. तेव्हापासून पुढच्या सीटवरचा एजंट तुमच्याकडे जरा निरखूनच बघतो. पण त्याचंही घर काचेचं आहे. बीएनडीडीच्या आधीच्या त्याच्या जुन्या खात्याच्या न्यूयॉर्क कार्यालयात 1968च्या सुमारास अंतर्गत चौकशी झाली आणि कित्येक एजंटांना घरी जावं लागलं.

मग या तिघांना एका गाडीत बसवलं कुणी? हेरॉइनने. अफू तुर्कस्तानातली, कारखाने मार्सेयजवळ आणि गिऱ्हाईक या फुटपाथवर. डिसेंबर 1969मध्ये याच हार्लेममध्ये 12 वर्षांचा एक मुलगा हेरॉइनच्या अतिरेकाने बाथरूममध्ये मेला, आणि शहर हादरलं. तुम्हाला इथला प्रत्येक जिना माहीत आहे, पण एखादी गाडी जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरली की तुमची हद्द संपली. एजंटच्या खात्याचे हात पार मार्सेयपर्यंत पोचतात, पण या गल्लीत त्याला कुणी ओळखत नाही, कुणी त्याच्याशी बोलत नाही. म्हणून 1970मध्ये फेडरल, राज्य आणि शहर अशा तिन्ही पोलिसांचा एक टास्क फोर्स उभा राहिला. अमेरिकेतला या धर्तीचा हा पहिला.

आता तुमचा खबरी गाडीत येतो. तुम्ही त्याची झडती घेता: टोपीची घडी, बूट, मोजे, कंबरपट्ट्याची आतली बाजू. त्याच्याकडे स्वतःचा एक डॉलर किंवा एक पुडीही असता कामा नये, नाहीतर कोर्टात खटला टिकत नाही. एजंट पाकिटातून नोटा काढतो. एकेका नोटेचा क्रमांक तो मोठ्याने वाचतो आणि बोटं गारठलेली असतानाही तुम्ही तो वहीत उतरवता. या नोटा तुमच्या हातात आल्या याचं मोल बाहेरच्याला कळणार नाही. शहराच्या खात्याकडे खबऱ्यांना द्यायला पुरेसा पैसाच नसतो. मग कुणी स्वतःच्या खिशातून देतो, तर कुणी जप्त केलेल्या हेरॉइनमधलं थोडं त्याच्या हातावर ठेवतो, आणि तिथून घसरण सुरू होते. महापौर लिंडसे यांनी नेमलेला नॅप आयोग हेच खणून काढतो आहे. टास्क फोर्सने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम मला हेच वाटतं: खबऱ्याला द्यायचा पैसा सरकारी आहे आणि तीन खात्यांच्या डोळ्यांसमोर मोजला जातो.

खबरी जिना चढतो. परत येतो तेव्हा त्याच्या मुठीत गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाची पुडी. पुन्हा झडती. कार्यालयात पोचल्यावर एजंट चिमूटभर पूड रसायनाच्या थेंबात टाकतो आणि थेंब जांभळा होतो. पुडी पाकिटात जाते, पाकिटावर तारीख, वेळ आणि सह्या. सही करताना तिघेही एकमेकांच्या हाताकडे बघत असतात. ही पाळत अपमानाची वाटते खरी, पण खटला तिच्याच जोरावर उभा राहतो.

पाळत नसली तर काय होतं हे बघायला डिसेंबर 1972मध्ये, 400 ब्रूम स्ट्रीटला या. शहर पोलिसांची मुद्देमालाची खोली. 1962च्या गाजलेल्या ‘फ्रेंच कनेक्शन’ प्रकरणातलं हेरॉइन इथे ठेवलेलं होतं. पिशव्या उघडल्या तर आत पीठ, आणि पिठाला किडे लागलेले. कुणीतरी पोलिसाच्या नावाने नोंदवहीत सही करून माल बाहेर नेला होता आणि परत ठेवताना बदलला होता. हिशेब लागला तेव्हा एकूण 398 पौंड हेरॉइन आणि कोकेन गायब. म्हणजे सुमारे 180 किलो विष पोलिसांच्याच दारातून रस्त्यावर परत गेलं. या चोरीचा मला आजही संताप येतो.

1 जुलै 1973. बीएनडीडी हे नाव पुसलं जातं आणि त्याच्या जागी केंद्र सरकारचं नवं अमली पदार्थविरोधी खातं, डीईए, जन्माला येतं. टास्क फोर्स मात्र टिकतो आणि त्याचा नमुना देशभर पसरतो. गावचा पोलीस पगार गावाकडून घेतो. फेडरल अधिकार, ओव्हरटाइम आणि गाडी त्याला डीईएकडून मिळते. पुढची दहा वर्षं आपण ओलांडून जाऊ.

ऑक्टोबर 1984. रोनाल्ड रेगन यांची सही होऊन गुन्हेगारी नियंत्रणाचा नवा कायदा येतो आणि तुमच्या कामाचा पायाच हलतो. जप्त केलेल्या रोख रकमेतला, गाड्या-घरांच्या विक्रीतला मोठा वाटा आता तपासात सामील झालेल्या स्थानिक खात्याला मिळू शकतो. पुढे हा वाटा 80 टक्क्यांपर्यंत जातो. उदाहरणार्थ, मिसूरीच्या राज्यघटनेप्रमाणे असा पैसा शाळांना जायला हवा. पण प्रकरण फेडरल झालं की तो त्या वाटेने न जाता पोलीस खात्याकडे वळतो. शिवाय ही जप्ती दिवाणी असते: मालकावर गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नाही.

आता तुम्ही महामार्गाच्या कडेला गाडीत बसला आहात. केस पांढरे झालेत, हीटर मात्र चालू आहे. एका बाजूने माल शहराकडे येतो, दुसऱ्या बाजूने त्याचे पैसे परत जातात. माल पकडला तर तो शेवटी जाळावा लागतो. पैसे पकडले तर तुमच्या खात्याला नव्या गाड्या, नवे रेडिओ मिळतात. येणारा माल अडवला तर एखाद्या जिन्यावरची पुडी कमी होईल. जाणारे पैसे अडवले, तोवर त्या पुड्या विकल्या गेलेल्या असतील. पुढच्या सीटवरचा तरुण सहकारी गिअर टाकतो आणि विचारतो, "सर, कुठल्या बाजूला उभं राहायचं?"