परस, मोरी आणि चूल : महाराष्ट्रातील घरगुती लागवडीचा इतिहास व शाश्वत जीवनाचा प्रश्न

प्रस्तावना

शाश्वत जीवनशैलीविषयीच्या आजच्या चर्चेत कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा यांसारख्या वनस्पती घरच्या घरी लावाव्यात व त्यांचा स्वयंपाकात उपयोग करावा, असे वारंवार सुचविले जाते. ही सूचना बहुधा नवी म्हणून मांडली जाते आणि तिचे स्वरूप छंदाचे असते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र घरामागील परस हा छंदाचा विषय नव्हता. घरात आलेले पाणी, चुलीतून निघालेली राख, निवडलेल्या भाजीचा पाचोळा आणि ताटात येणारे पान यांना एकत्र जोडणारी ती व्यवस्था होती. ही व्यवस्था कशी चालत होती, लिखित साधनांत तिचे उल्लेख इतके तुरळक का आढळतात, ती कोणाच्या वाट्याला आली व कोणाच्या आली नाही, आणि ती कशामुळे मोडली, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. परसबाग केवळ जागेच्या अभावाने लोप पावली नाही. पाणी, कचरा आणि श्रम यांचे परस्परांशी असलेले नाते तुटल्यामुळे ती लोप पावली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

परसाची रचना

परस म्हणजे घराची मागची बाजू. न्हाणी व मोरी बहुधा याच बाजूला असत आणि त्यांचे सांडपाणी जेथे बाहेर पडे तेथे अळू, केळ व कर्दळ लावण्याची पद्धत होती. या तिन्ही वनस्पतींना ओल मानवते. भांडी राखेने घासली जात, अंघोळीला व केसांना शिकेकाई, बेसन यांसारखे पदार्थ वापरले जात. त्यामुळे परसात जाणारे पाणी मातीला फारसे अपायकारक नव्हते. राखेतील पालाश तर झाडांना उपयुक्तच ठरे. पाण्यापासून थोडे दूर कढीपत्ता, शेवगा, लिंबू. कुंपणालगत मायाळू, पडवळ, दोडका यांचे वेल. आणि हाताशी असलेल्या वाफ्यात कोथिंबीर, माठ, चुका, पुदिना अशी साधारण मांडणी असे. कोकणात हळद, तिरफळ व कोकम यांची त्यात भर पडे.

या मांडणीचा स्वयंपाकाशी असलेला संबंध केवळ सोयीचा नव्हता. अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यामुळे घशाला खाज येते. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका घालण्याची रीत या अनुभवातूनच रूढ झाली. कोकणात व गोव्यात श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानांत पातोळे उकडले जातात. पावसाच्या आरंभी लावलेल्या हळदीची पाने याच सुमारास पुरेशी मोठी झालेली असतात आणि जमिनीखालचा कंद मात्र पुढे पीक तयार होईपर्यंत तसाच वाढू दिला जातो. झाडाच्या वाढीचा क्रम व सणाचा पदार्थ यांची अशी सांगड पडलेली दिसते.

ग्रंथ व दप्तर यांतील उल्लेख

स्वयंपाकाला स्वाद देणाऱ्या वनस्पतींचे प्राचीन उल्लेख विपुल आहेत. मराठीतील ‘कोथिंबीर’ हा शब्द संस्कृत ‘कुस्तुंबरी’ या शब्दापर्यंत नेता येतो आणि ‘कुस्तुम्बुरु’ हे रूप पाणिनीच्या अष्टाध्यायीतही आढळते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात, तिखट पदार्थांचा एक वर्ग दिला आहे. त्यात पिंपळी, मिरी, आले, जिरे यांच्या जोडीने कुस्तुम्बुरु, दवणा, मरवा व शेवगा यांची गणना आहे. आज आपण केवळ देवपूजेच्या किंवा गजऱ्याच्या संदर्भात ओळखतो तो दवणा व मरवा त्या काळी कोठीतील पदार्थांत मोडत होता, ही नोंद लक्षणीय आहे. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण, तसेच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने राहिलेल्या रघुनाथ पंडिताचे ‘भोजनकुतूहल’ हीदेखील या विषयाची महत्त्वाची साधने होत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी रघुनाथाचा काळ व त्याला मिळालेला दीपाबाईचा आश्रय यांवर प्रकाश टाकला.

तथापि या ग्रंथांचा दृष्टिकोन कोठीचा, वैद्यकाचा किंवा राजाच्या ताटाचा आहे. पान कोणी लावले, त्याला पाणी कोणी घातले, हे त्यांत सांगितलेले नाही. संतपरंपरेत मात्र अरणचे सावता माळी यांनी भाजीच्या मळ्यातील कामालाच भक्तीचे स्थान दिले. श्रमाची बाजू पुढे आणणारा हा एक ठळक अपवाद होय.

राजकीय दप्तरातही भाजीचा उल्लेख अशाच आडवाटेने येतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात, रयतेच्या भाजीच्या एका देठाचाही लोभ धरू नये, अशा आशयाची ताकीद आहे. प्रशासकीय नीतीचा आदर्श म्हणून हे पत्र योग्य रीतीने गौरविले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील प्रतिमा अधिक विचारात घ्यावी लागते. रयतेच्या मालमत्तेतील सर्वांत लहान वस्तू म्हणून भाजीचा देठ तेथे आला आहे. पुढे १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या ब्रिटिश जमीन मोजणीत जिरायत व बागायत यांची प्रतवारी काटेकोरपणे झाली; परंतु शेतसाऱ्याचा विचार शेताचा होता, घरामागील वाफ्याचा नव्हता. ज्यावर सारा नाही त्याची नोंदही नाही. परिणामी परसबागेचा इतिहास दप्तरात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तो शब्द, रूढी व पाककृती यांतून जुळवावा लागतो.

ऋषिपंचमीची भाजी : एका रूढीची साक्ष

अशा साक्षींत ऋषिपंचमीच्या भाजीला विशेष स्थान द्यावे लागेल. भाद्रपद शुद्ध पंचमीला हे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. नांगरलेल्या शेतातील धान्य वर्ज्य ठरल्याने माठ, अळू, पडवळ, दोडका, भोपळा, मका, सुरण अशा हाताने खणलेल्या जागेतील भाज्या एकत्र शिजविल्या जातात. वर्षातील एक दिवस तरी केवळ परसाच्या आधारे जेवण होऊ शकते, असा या रूढीचा व्यावहारिक अर्थ आहे. हाताने केलेल्या लागवडीची स्मृती तिने जपली आहे.

मात्र या रूढीचे गौरवीकरण करताना सावध राहणे आवश्यक आहे. व्रतकथेचा आधार मासिक पाळीच्या काळातील तथाकथित दोषाच्या परिमार्जनाचा आहे. जिच्या हातांनी परस पिकविले तिलाच अशुद्ध ठरविणारी कल्पना आणि त्या हातांच्या श्रमाची आठवण, ही दोन्ही एकाच व्रतात नांदतात. परंपरेतील पर्यावरणस्नेही भाग उचलून तिची दुसरी बाजू झाकणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

परस नसलेली घरे

परसबागेला जमीन लागते आणि त्याहून अधिक पाणी लागते. ज्या समाजघटकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्यांच्या घरामागे अळूचा ओलावा टिकणे शक्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाड येथे झालेला चवदार तळ्याचा सत्याग्रह मानवी हक्कांचा लढा होता. पाण्याच्या या हक्काशी स्वयंपाकघराचा इतिहासही निगडित आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नव्यवहाराची जी नोंद केली, ती मराठी पाककलाग्रंथांतील मोठी उणीव दाखवून देते. भूमिहीनांना व आदिवासींना बांध, पडीक जमीन आणि रान यांचाच आधार होता. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्यांचे ज्ञान त्यांनी सांभाळले. म्हणून ‘पूर्वी प्रत्येक घरी परसबाग होती’ हे विधान ऐतिहासिकदृष्ट्या ग्राह्य धरता येत नाही.

नळ, मंडई आणि ‘साहित्य’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतील चित्र बदलू लागले. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. १८६९ मध्ये तेथे क्रॉफर्ड मार्केट आणि १८८६ मध्ये पुण्यात रे मार्केट, म्हणजेच आजची महात्मा फुले मंडई, सुरू झाले. नळाने आरोग्य सुधारले व पाणी वाहून आणण्याचे स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे निर्विवाद आहे. परंतु नळासोबत गटार आले आणि सांडपाणी परसाऐवजी गटारात जाऊ लागले. गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत परस नव्हते. तेथे भाजी विकत घेणे एवढाच मार्ग होता.

पाककलेच्या मुद्रित ग्रंथांतही हा बदल उमटला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) व कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) या ग्रंथांनी मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकाला लिखित शिस्त दिली. आधुनिक पाककृतीचा आरंभ ‘साहित्य’ या शीर्षकाने होतो. साहित्य आधीच घरात आलेले आहे, असे त्यात गृहीत असते. ते कोणत्या महिन्यात उगवते, त्याचा कोवळा भाग कोणता, उरलेल्या देठांचे काय करावे, हे ज्ञान पाककृतीच्या चौकटीबाहेर राहिले व तोंडी परंपरेबरोबर क्षीण होत गेले.

याचा परिणाम कोथिंबिरीच्या बाजारात आजही पाहता येतो. भाजीबरोबर चार काड्या कोथिंबीर व कढीपत्ता फुकट मागण्याची ग्राहकाची सवय अजून टिकून आहे. एकेकाळी दारात फुकट मिळणारी वस्तू बाजारातही फुकटच असावी, अशी ही अपेक्षा असावी. तिचा भार शेतकरी व विक्रेता उचलतात. पावसाने पीक नासले की जुडीचा भाव कडाडतो आणि आवक वाढली की तोडणीचा खर्चही निघत नाही.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, देशभर ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. तिचा मुख्य रोख नावाप्रमाणे धान्यावर होता. घरगुती लागवडीचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात पुढे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने रुजविला. सूर्यप्रकाश, सेंद्रिय कचरा व थोडे पाणी यांच्या हिशेबावर त्यांचा भर होता. २००२ मध्ये तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील स्वयंपाकातील कचऱ्याच्याच आधारे बाग फुलविण्यात आली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांच्या बियाण्यांचे जतन केले व २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शालेय पोषण बागांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही दिल्या.

या प्रयत्नांतील यशस्वी उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. त्यांत रोपापेक्षा रोपाभोवतीच्या चक्राला, म्हणजे कचरा, माती, बियाणे व पाणी यांना, प्राधान्य आहे. याउलट विकत आणलेली माती, विकत आणलेले रोप, प्लॅस्टिकची कुंडी व पिण्याचे पाणी यांवर वाढविलेल्या पुदिन्याने बाजारावरील अवलंबित्व कितपत कमी होते, हे तपासून पाहावे लागेल.

जुन्या पद्धतीची जशीच्या तशी नक्कलही आज करता येणार नाही. १९६० नंतरच्या दशकांत कृत्रिम धुलाई पावडरींचा प्रसार झाला. त्यांतील सोडियमचे क्षार मातीचा पोत बिघडवितात. त्यामुळे कपडे धुतलेले पाणी थेट अळूला सोडणे योग्य नाही. तांदूळ-डाळी व भाजी धुतलेले पाणी मात्र निःशंकपणे वापरता येते. भाजीच्या देठांचे व सालींचे खत, धन्यांपासून घरीच उगवलेली कोथिंबीर, एकदा लावल्यावर वर्षानुवर्षे पाने देणारा कढीपत्ता व गवती चहा, यांपासून आरंभ करणे सदनिकेतही शक्य आहे.

समारोप

महाराष्ट्रातील परसबागेचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. परसबाग ही प्रथमतः पाणी व कचरा यांच्या विनियोगाची पद्धत होती, स्वाद हे तिचे फळ होते. ती सर्वांना उपलब्ध नव्हती. जातीने व भूमिहीनतेने तिच्या सीमा आखल्या होत्या. आणि ती मुख्यतः स्त्रियांच्या, मोबदला व नोंद दोन्ही नसलेल्या, श्रमांवर उभी होती. घरच्या वनस्पतींवर आधारित स्वयंपाक शाश्वत जीवनाचा भाग म्हणून पुरस्कारायचा असेल, तर हे श्रम घरातील सर्वांनी वाटून घेणे ही त्याची पहिली अट मानावी लागेल. अन्यथा पर्यावरणरक्षणाच्या नावाखाली गृहिणीच्या कामांत आणखी एका कामाची भर पडेल. महाविद्यालयांना या संदर्भात करण्यासारखे एक काम आहे. आपापल्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून परसातील वनस्पती, त्यांची स्थानिक नावे व त्यांच्या पाककृती यांची नोंद इतिहास, वनस्पतिशास्त्र, गृहविज्ञान व मराठी या विभागांनी एकत्रितपणे केल्यास दप्तराने सोडून दिलेला हा इतिहास काही अंशी तरी लिहिता येईल. ते ज्ञान सांगू शकणारी पिढी आज उताराला लागली आहे, ही बाब ध्यानात घेता या कामास विलंब लावणे उचित ठरणार नाही.